मोगलाईचा फुटबॉल

जालन्याचा आणि फुटबॉलचा काय संबंध, असं कुणी विचारलं तर सरळ उत्तर आहे: काही नाही. जालना म्हणजे बियाणं, जालना म्हणजे सळई, जालना म्हणजे मोसंबी. फार झालं तर 'जालना सोने का पालना' ही जुनी म्हण. खेळाचं म्हणाल तर क्रिकेट. २०१४ च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात भारताचा कप्तान असलेला विजय झोल आमच्या जालन्याचा, हे कुठलाही जालनेकर दोन मिनिटांत तुम्हाला सांगेल. फुटबॉल म्हणजे शाळेत पी.टी.च्या तासाला सरांनी मैदानात टाकलेला अर्धवट हवेचा चेंडू आणि त्याच्यामागे धावणारी साठ पोरं!

तरीसुद्धा आज लिहायचंय ते फुटबॉलच्या एका मोसमाबद्दल. १९५७-५८ चा मोसम. त्या मोसमात भारतातल्या चार मोठ्या करंडकांपैकी तीन एकाच गावात गेले, आणि ते गाव होतं हैदराबाद. आता यात जालना कुठे आलं? तर ते असं, की त्याच्या जेमतेम वर्षभर आधीपर्यंत जालना हैदराबाद राज्यात होतं. म्हणजे सरळ हिशेबाने तो 'आपला' संघ होता. आणि नेमका त्याचा सगळ्यात मोठा मोसम आला तेव्हा आपण तिथे नव्हतो.

आधी हे चार करंडक काय ते सांगतो, कारण आजच्या पोरांना मोसम म्हटलं की लीग आठवते. नॉर्वेसारख्या चिमुकल्या देशातही १९३७-३८ मध्ये राष्ट्रीय पातळीची लीग सुरू झाली होती. आपल्याकडे पहिली नॅशनल फुटबॉल लीग झाली ती थेट १९९६-९७ मध्ये. त्याआधी अव्वल फुटबॉलचा मोसम म्हणजे रेल्वेने गावोगाव फिरणारी जत्राच होती. कोलकात्यात आय.एफ.ए. शील्ड. पाऊस उघडला की मुंबईत कूपरेजवर रोव्हर्स कप. थंडीत दिल्लीत ड्युरँड. आणि राज्याराज्यांच्या संघांची संतोष ट्रॉफी, ती दरवर्षी वेगळ्या गावी. या चारांत जो जिंकला तो देशात मोठा. गुणतक्ता नाही, घरचे-बाहेरचे सामने नाहीत. बॅगा भरायच्या, तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बसायचं आणि महिना-महिना घराबाहेर राहायचं.

यातल्या ड्युरँड (१८८८) आणि रोव्हर्स (१८९१) या दोन्ही स्पर्धा गोऱ्या लोकांनी सुरू केल्या. आपल्याकडे फुटबॉल आला तो पलटणींच्या बुटांबरोबर, हे लक्षात ठेवा. कारण इथे जालन्याचा एक धागा आहे.

जालन्याला छावणी होती. आपल्या जिल्ह्यातल्या असईला १८०३ मध्ये वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, त्यानंतर हा सगळा टापू इंग्रजांच्या नजरेत आला. पुढे १८२७ मध्ये हैदराबाद कंटिंजंटसाठी जालन्यात छावणी बांधली गेली. ती १९०३ मध्ये उठली. सिकंदराबादची छावणी मात्र राहिली आणि वाढली. माझा आपला अंदाज असा, की फरक तिथे पडला. सिकंदराबादेत पुढची पन्नास वर्षं पलटणींचे सामने होत राहिले, ते बघत आसपासच्या वस्त्यांतली पोरं खेळायला लागली. तुळशीदास बलराम हा भारताच्या आजवरच्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक, तो तिथलाच, सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा. आमच्याकडे छावणी उठली आणि मागे उरले ते बंगले, चर्च आणि नावं.

आता थोडं मोगलाईबद्दल. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी निजामाच्या मुलखाला 'मोगलाई' असाच शब्द होता. मोगल जाऊन दोनशे वर्षं झाली तरी शब्द गेला नाही. हैदराबाद संस्थानाचे सोळा जिल्हे होते: आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कानडी. जालना तेव्हा औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातला एक तालुका होता. वरच्या वर्गातलं शिक्षण उर्दूत, खिशात हाली सिक्का, हायकोर्ट हैदराबादला, कॉलेज म्हटलं की उस्मानिया. जालन्याच्या स्टेशनात उभं राहिलं की एक रूळ मनमाडवरून मुंबईकडे जातो आणि दुसऱ्या दिशेने परतूर, परभणी, नांदेड करत हैदराबादकडे. कामाचा माणूस त्या काळी बहुधा दुसऱ्या दिशेच्या गाडीत बसायचा. आमच्या आजोबांच्या पिढीला मुंबई लांबची आणि हैदराबाद 'सरकारचं गाव' वाटायचं. सरकारबद्दल प्रेम असो वा नसो.

आणि प्रेम नव्हतंच. हे स्पष्ट लिहायला हवं. निजामाचे पोलीस आणि रझाकार या दोन शब्दांनी मराठवाड्यातल्या घरांचे दरवाजे संध्याकाळीच बंद व्हायचे, या गोष्टी आम्ही सगळ्यांनी लहानपणी ऐकल्यात. १७ सप्टेंबर १९४८ ला पोलीस अ‍ॅक्शन संपली आणि आपण मोकळे झालो. त्या मोकळेपणाला दुसरी बाजूही होती. पोलीस अ‍ॅक्शनच्या मागोमाग संस्थानातल्या मुसलमानांवर जे झालं त्याचा अंदाज केंद्राने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने २७ ते ४० हजार मृत्यू असा दिला होता, आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशकं दडलेला राहिला. आपल्या घरांत ही बाजू सांगितली जात नाही. ज्यांच्या घरांत सांगितली जाते ते आपल्यासमोर सांगत नाहीत.

हे फुटबॉलच्या लेखात कशाला, असं वाटेल. पण त्यानंतर दोनच वर्षांनी काय झालं ते बघा.

१९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलीस नावाचा संघ मुंबईत आला आणि रोव्हर्स कप जिंकून गेला. त्याच वर्षी स्वातंत्र्यानंतरचा पहिला ड्युरँड कप दिल्लीत खेळला गेला. तिथे या संघाने मोहन बागानला फेरसामन्यात हरवलं. संघात नूर महंमद, अझीझुद्दीन अशी नावं. म्हणजे ज्या शहराचं नाव दोन वर्षांपूर्वी देशभरच्या वर्तमानपत्रांत केवळ संशयाने घेतलं जात होतं, त्या शहराचे, त्यातही पोलिसांचे, त्यातही बहुतेक मुसलमान खेळाडू राजधानीत जाऊन देशाचा करंडक घेऊन आले! आणि १९५१ च्या मार्चमध्ये दिल्लीतच पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला १-० ने हरवून फुटबॉलचं सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा भारतीय संघाचा प्रशिक्षक या हैदराबादी संघाचाच माणूस होता. सय्यद अब्दुल रहीम.

रहीम साहेबांवर २०२४ मध्ये 'मैदान' नावाचा हिंदी सिनेमा आला, त्यामुळे आता नाव तरी लोकांना माहीत आहे. जन्म १९०९. पेशाने शाळामास्तर, उस्मानियाचे पदवीधर. १९४३ पासून हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव, १९५० पासून सिटी पोलीसचे प्रशिक्षक, आणि दोन्ही कामं १९६३ मध्ये मरेपर्यंत. मला त्यांच्यातला मास्तर फार आवडतो. त्यांनी शहरात स्पर्धा भरवल्या त्या अशा: एकीत चेंडू पायात घोळवायलाच बंदी! चेंडू आला की लगेच दुसऱ्याला द्यायचा. दुसरीत फक्त कच्च्या पायाने खेळायचं, म्हणजे उजव्याने डावा पाय वापरायचा. विचार करा, आपल्याकडे पोरांना 'ड्रिब्लिंग' म्हणजेच फुटबॉल वाटतो, आणि हा माणूस म्हणतो तेच करायचं नाही. यातून काय झालं? लहान चणीची, साध्या घरांतली पोरं धडधाकट संघांना नुसत्या पासिंगवर दमवायला लागली. एकट्याची करामत नाही, चेंडू फिरता ठेवायचा.

१९५० ते १९५४, सलग पाच वर्षं रोव्हर्स कप हैदराबादला गेला. मुंबईच्या स्पर्धेत पाच वर्षं पाहुण्यांचं राज्य! १९५५ ला मोहन बागानने ती साखळी तोडली.

या पाच वर्षांत जालना हैदराबाद राज्यातच होतं. आपल्या पाच मराठी जिल्ह्यांच्या महसुलाचा वाटा हैदराबादच्या तिजोरीत जात होता. त्याच तिजोरीतून पोलीस खात्याचे पगार निघत आणि त्या पगारावर ही पोरं सकाळी मैदानात उतरत. म्हणजे त्या करंडकांत जालन्याच्या कापसाचा आणि ज्वारीचा चिमूटभर का होईना वाटा होता, असं मी म्हणतो. कुणी हसलं तरी चालेल.

पण त्या वर्षांत मराठवाड्याचं डोकं दुसरीकडे होतं, आणि ते योग्यच होतं. १९५३ चा नागपूर करार झाला, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली, गोविंदभाई श्रॉफांसारखी माणसं मराठवाडा महाराष्ट्रात कधी जाणार यासाठी झटत होती. भाषेच्या घरी जायची ओढ होती. ज्या 'पोलीस' शब्दाने इतकी वर्षं धडकी भरवली, त्या शब्दाच्या नावाने टाळ्या कोण वाजवणार? मी त्या काळात असतो तर मीही वाजवल्या नसत्या.

मग उजाडला १ नोव्हेंबर १९५६. राज्य पुनर्रचना. हैदराबाद राज्य नकाशावरून पुसलं गेलं. तेलुगू जिल्हे आंध्र प्रदेशात, कानडी जिल्हे म्हैसूरमध्ये आणि आपले पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात. एका रात्रीत जालन्याची राजधानी बदलली. रूळ तेच, गाडीची दिशा उलटी.

आता तारखांची गंमत बघा. १ डिसेंबर १९५६, म्हणजे बरोबर एक महिन्याने, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताचा सामना यजमान ऑस्ट्रेलियाशी होता. प्रशिक्षक हैदराबादचे रहीम. संघात हैदराबादची अर्धा डझन पोरं: नूर महंमद, अझीझुद्दीन, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन, बलराम वगैरे. आणि तीन गोल मारले ते मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने. भारत ४-२ ने जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई, आणि उपांत्य फेरीत पोचलेला भारत हा पहिला आशियाई देश. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाकडून ४-१ ने हरलो, पण पहिला गोल आपला होता, पुन्हा नेव्हिलचाच. याच युगोस्लाव्हियाने चार वर्षांपूर्वी हेलसिंकीला आपल्याला १०-१ ने चोपलं होतं, आपले काही खेळाडू तेव्हा अनवाणी खेळले होते. चार वर्षांत एवढं अंतर! शेवटी तिसऱ्या क्रमांकासाठी बल्गेरियाकडून ३-० ने हार. चौथा क्रमांक. त्याच्या पुढे भारत ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आजवर गेलेला नाही.

म्हणजे नोव्हेंबरच्या एका तारखेला जालना रहीमच्या राज्यातून नेव्हिलच्या राज्यात आलं, आणि महिन्याभराने त्या दोघांनी मिळून देशाला कधी न मिळालेलं यश मिळवून दिलं. जालन्याला दोन्हीकडून 'आपला माणूस' म्हणता आलं असतं. आपण कुणालाच म्हटलं नाही.

आणि मग तो मोसम. १९५७ मध्ये हैदराबाद सिटी पोलीसने मुंबईत पुन्हा रोव्हर्स कप जिंकला. दिल्लीत ड्युरँडही जिंकला, अंतिम सामन्यात ईस्ट बंगालला हरवून. शील्ड तेवढी वाट्याला आली नाही. आणि संतोष ट्रॉफी होती हैदराबादलाच, घरच्या मैदानावर. अंतिम सामना कुणाशी? मुंबईशी! हैदराबाद ३-१ ने जिंकलं. त्याच्या आदल्या मोसमातही त्रिवेंद्रमला हेच दोन संघ अंतिम सामन्यात होते. पहिला सामना बरोबरीत सुटला आणि फेरसामन्यात हैदराबादने मुंबईला ४-१ ने हरवलं होतं.

म्हणजे सलग दोन वर्षं देशाच्या राज्य अजिंक्यपदाचा शेवटचा सामना आपल्या जुन्या घरात आणि नव्या घरात झाला, आणि दोन्ही वेळा जुनं घर जिंकलं. हा योगायोग मला कळला तेव्हा मी बराच वेळ त्या यादीकडे बघत बसलो होतो. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीने माहेर-सासरच्या कुस्तीत कुणाकडून ओरडायचं? गंमत म्हणजे त्या सामन्याच्या वेळी जालन्यातल्या बाजारात हाली सिक्क्यांची आठवण ताजी होती, कोर्टातले जुने कागद उर्दूत होते, आणि कागदोपत्री आपला संघ होता मुंबई. ज्या मुंबईला आपल्यातल्या बहुतेकांनी तोवर पाहिलंही नव्हतं.

हैदराबादचा तो काळ पुढे फार टिकला नाही. राज्य गेल्यावर असोसिएशनही आंध्र प्रदेशात विलीन झाली, सिटी पोलीसचा संघ आंध्र प्रदेश पोलीस या नावाने खेळू लागला. चांगली पोरं कोलकात्याला जाऊ लागली. बलराम तर १९५७ मध्येच ईस्ट बंगालला गेला. १९६२ मध्ये रहीम साहेबांनी कर्करोगाने पोखरलेल्या शरीराने जकार्ताला भारतीय संघ नेला, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून दुसरं आशियाई सुवर्ण आणलं, आणि ११ जून १९६३ ला ते गेले. त्यांच्याबरोबर ती शाळाही संपली. मुंबईचंही काही वेगळं झालं नाही. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. रोव्हर्स कप तर एकविसाव्या शतकाच्या तोंडावरच थांबला होता. हैदराबादच्या नव्या क्लबने २०२१-२२ ची इंडियन सुपर लीग जिंकली, आणि २०२५ मध्ये तो क्लबच उचलून दिल्लीला नेला गेला. तिथे संघ गाव सोडून गेला. आमच्या बाबतीत गावच संघ सोडून गेलं होतं.

तर सांगायचा मुद्दा असा. महाराष्ट्रात आलो याचं मला रतीभरही दुःख नाही. मराठीत लिहितोय, मराठीत विचार करतोय, ते त्या १ नोव्हेंबरमुळे आणि मग १ मे १९६० मुळे. (आमचा जिल्हाही १ मेचाच, १९८१ चा.) पण घर बदलताना आपण सामान निवडून आणलं. रझाकारांच्या आठवणी आणल्या, मुक्तिसंग्राम आणला, त्याचे हुतात्मे आणले. आणायलाच हवे होते. मात्र त्याच मुलखात एका शाळामास्तराने साध्या घरांतल्या पोरांना कच्च्या पायाने खेळायला लावून देशातला सगळ्यात चांगला संघ उभा केला, ही गोष्ट आपण तिथेच ठेवून आलो. कारण ती 'त्यांची' होती. हैदराबादी बिर्याणी आणली, मिरची का सालन आणलं, 'नक्को', 'हौ' आणि 'कायकू' हेही आणलं. रहीम नाही आणला.

'त्यांची' हा शब्द मला खुपतो तो इथे. आमच्या गल्लीतल्या मुसलमान शेजाऱ्याला १७ सप्टेंबरला झेंडावंदनाला उभं राहताना काय वाटत असेल, हे आपण कधी विचारत नाही. ज्या काळाबद्दल त्याच्या वाट्याला फक्त आरोप येतात, त्याच काळाच्या शेवटाला नूर महंमद आणि अझीझुद्दीन भारताचा शर्ट घालून खेळत होते, हे त्याच्या पोराला आणि माझ्या पोराला एकाच बाकावर शिकवलं तर काय बिघडेल? मुक्तिसंग्रामाचा धडा एक ओळही कमी न करता त्याच्या पुढे हा एक परिच्छेद जोडता येईल. १९५०: हैदराबाद सिटी पोलीस, रोव्हर्स आणि ड्युरँड. १९५६: मेलबर्न, चौथा क्रमांक. १९५७-५८: तीन करंडक. एवढंच.

जालन्याची, परतूरची, अंबडची आपली बरीच नातेवाईक मंडळी हे वाचतात. तुमच्यापैकी कुणाच्या आजोबांनी, काकांनी, पणजोबांनी हैदराबादला शिकताना किंवा नोकरीत असताना त्या संघाचा एखादा सामना पाहिला असेल, घरात कुणी रहीम मास्तरांचं नाव काढलं असेल, तर जरूर कळवा. विशेषतः शेजारपाजारच्या मुसलमान कुटुंबांत विचारून बघा. विचारायला निमित्त चांगलं आहे, आणि फुटबॉलबद्दल विचारलेलं कुणालाही आवडतं.